सौर कृषी पंप: शेतकऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी मी सौर पंपाचे अर्ज भरून द्यायला बसतो. घरची साडेतीन एकर शेती आहे, त्यामुळे विचारणाऱ्याची अडचण बहुतेक वेळा माझ्याही घरची असते. तेच तेच प्रश्न फोनवर आणि व्हॉट्सॲपवर येत राहतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले. उत्तरं महाराष्ट्रातल्या योजनेला धरून आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही योजना नेमकी कोणती? कुसुम, अटल, मुख्यमंत्री, मागेल त्याला... सगळी नावं ऐकून डोकं फिरलं आहे.

डोकं फिरणं साहजिक आहे. राज्यात आधी अटल सौर कृषी पंप आणि मग मुख्यमंत्री सौर कृषी पंप अशा योजना झाल्या. केंद्राची पीएम-कुसुम २०१९ मध्ये आली. तिचा 'ब' घटक म्हणजे विजेच्या तारेशी संबंध नसलेला, बांधावर स्वतंत्र उभा राहणारा पंप. २०२४ पासून महाराष्ट्रात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' हे नाव चालतं आणि काम महावितरण पाहतं. तुमच्या दृष्टीने एवढंच महत्त्वाचं की आधीच्या अटल किंवा मुख्यमंत्री योजनेतून पंप घेतला असेल, तर पुन्हा मिळत नाही.

२. मला किती पैसे भरावे लागतील?

सर्वसाधारण गटाला किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. ३० टक्के केंद्र देतं आणि उरलेला भार राज्य उचलतं. रुपयांचा आकडा मी मुद्दाम देत नाही. तो पंपाच्या क्षमतेवर आणि त्या वेळच्या दरावर ठरतो. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी भरलेली रक्कम तुम्हाला लागू होईलच असं नाही. पोर्टलवर तुमच्या अर्जासमोर जी रक्कम दिसते, तीच खरी.

३. किती एचपीचा पंप मिळतो?

अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, त्यापुढे पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि पाच एकरांवर साडेसात एचपी. ही वरची मर्यादा आहे. त्यापेक्षा लहान पंप मागितला तर तो मिळतो, पण मागत कोणीच नाही. 'मिळतोय तर मोठाच घे' हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो आणि दर आठवड्याला पुढच्या प्रश्नाकडे बोट दाखवतो.

४. मोठा पंप घेतला तर पाणी जास्त मिळेल ना?

विहिरीत असेल तर मिळेल. सौर पंप पाणी देत नाही, दिवसा उपसा करण्याची सोय देतो. पाणी किती, हे विहिरीचा झरा ठरवतो, आणि तो मोजायला एक दोरी पुरते.

मे महिन्यात संध्याकाळी मोटर बंद करा. दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंत सोडा आणि काठाशी गाठ मारा. सकाळी पुन्हा सोडा आणि फरक पाहा. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळपास ८,९०० लिटर. रात्रभरात चार फूट चढलं, तर ३५ हजार लिटर झाले. दिवसाही झरा चालू असतोच, म्हणून पन्नास-साठ हजार धरा. आता पंपाकडे या. ३ एचपीच्या संचाला साधारण ३,००० वॉटचे पॅनल असतात. पाणी तीस मीटर उचलायचं असेल, तर चांगल्या उन्हाच्या दिवशी ढोबळमानाने ५५ ते ६५ हजार लिटर निघतात. उंची निम्मी असेल तर पाणी जवळपास दुप्पट. म्हणजे या विहिरीला ३ एचपी अगदी बसतो. साडेसात एचपी लावला तर तासा-दोन तासांत पाणी तुटेल आणि पॅनल दिवसभर ऊन खात बसतील.

माझ्या चुलतभावाने हेच केलं. सहा एकरांचा सातबारा होता, म्हणून साडेसात एचपी घेतला. एप्रिलमध्ये त्याची मोटर चाळीस मिनिटं चालते, मग कोरडी पडल्याचा इशारा देऊन कंट्रोलर ती बंद करतो. पाणी भरून आलं की पुन्हा चालू. दिवसातून सात-आठ वेळा हा खेळ. त्याची पहिली तक्रार 'पंप बिघडला' अशीच होती.

५. मग एवढ्या पाण्यात किती रान भिजतं?

एक एकरावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण ४०,५०० लिटर. पाटाने एका पाळीला पाच सेंटिमीटर धरलं, तर दोन लाख लिटर झाले. ३ एचपीच्या संचाला एका एकराची एक पाळी द्यायला तीन-चार दिवस लागतात. ठिबकवर त्याच एकराला, पीक ऐन वाढीत असताना, दिवसाला पंधरा-सोळा हजार लिटर पुरतात. म्हणजे तोच पंप तीन एकरांना पुरा पडतो. अल्पभूधारकाने सौर पंपासोबत ठिबकचा अर्जही करावा, असं मी म्हणतो ते या गणितामुळे.

एक मात्र सांभाळा. सकाळी नऊला दाब कमी, बाराला भरपूर, चारनंतर पुन्हा कमी. सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर सकाळी शेवटच्या ओळीला थेंबही पोहोचत नाही. दोन-तीन लहान भाग पाडून घ्या.

६. बळीराजा मोफत वीज योजनेत बिल माफ झालं आहे. मग सौर कशाला?

तुमच्याकडे जोडणी असेल तर हा प्रश्न तुमचा नाहीच. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषी पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर झाली आहे आणि स्वतंत्र सौर पंप हा मुळात जोडणी नसलेल्यांसाठी आहे. अडचण बिलाची नसून वेळेची होती. आठवडा दिवसपाळीचा, आठवडा रात्रपाळीचा. रात्री दोनला फेज आला की बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, बांधावर साप, जुन्नर-शिरूरच्या उसात बिबट्या. आमच्या घरी रात्रपाळीच्या आठवड्यात आई जागीच असायची, बाबा परत येऊन पाय धुतल्याचा आवाज येईपर्यंत. सौर पंप असलेल्या घरात ही जाग संपली, हा मला सबसिडीपेक्षा मोठा फायदा वाटतो.

७. जोडणी आहे, पण दिवसा वीज हवी आहे. आमच्यासाठी काहीच नाही का?

आहे, पण पॅनल तुमच्या बांधावर येणार नाहीत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ मोठा सौर प्रकल्प उभा करतात आणि त्यावर शेतीचा अख्खा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांना वीज नेणारी वाहिनी, दिवसा चालवतात. योजना २०१७ ची, दुसरा टप्पा २०२३ पासून. तुम्ही अर्ज करायचा नसतो, तुमच्या फीडरचं काम कुठवर आलं हे शाखा कार्यालयात विचारायचं. उपकेंद्राजवळ पडीक जमीन असेल तर ती भाड्याने देता येते. दर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ.

८. कोटेशन भरून वर्षं झाली, जोडणी आली नाही. मी कोणत्या रांगेत?

तुम्ही 'पेड पेंडिंग' आहात आणि सौर पंपात अशांना प्राधान्य आहे. जुनी पावती शोधून ठेवा. ग्राहक क्रमांक किंवा अर्ज क्रमांक त्यावरच असतो. पावती हरवली असेल तर शाखा कार्यालयातून नोंद काढून घ्या, पण अर्ज भरण्याआधी. नंतर जोडत बसलं की अर्ज इकडून तिकडे फिरतो.

९. कागदपत्रं कोणती? आणि अर्ज सगळ्यात जास्त कशावर अडकतो?

सातबारा, आधार, बँक पासबुक, लागू असेल तर जातीचा दाखला आणि चालू मोबाइल नंबर. अडकतो तो सातबाऱ्यावर.

पहिली अडचण: रानात विहीर आहे, सातबाऱ्यावर नाही. आजोबांनी खणली, नोंद कोणी केली नाही. तलाठ्याकडे (आता पद 'ग्राम महसूल अधिकारी') लेखी अर्ज देऊन नोंद करून घ्या. तोंडी सांगून आलात तर पुढच्या दिवाळीला पुन्हा सांगाल.

दुसरी अडचण सामायिक खात्याची. इतर हिस्सेदारांची ना हरकत मुद्रांकावर द्यावी लागते. घाटावर तीन-चार नावं असतात, एक संध्याकाळ चहावर बसलं की सह्या होतात. कोकणात एका सातबाऱ्यावर तीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोन दुबईत आणि चार वारलेली. तिथे आधी वारस नोंदी, मग वाटप आणि त्यानंतर पंप. योजना कागदावर सगळ्यांना खुली असली तरी लहान शेतकरी इथेच गळतो.

१०. जमीन नवऱ्याच्या नावावर आहे, शेती मी बघते. अर्ज माझ्या नावाने होईल?

सातबाऱ्यावर नाव असल्याशिवाय नाही. मात्र नवऱ्याची तयारी असेल तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे आणि त्याला शुल्क नाही. नाव लागलं की नवऱ्याची ना हरकत जोडून अर्ज करता येतो. मागच्या वर्षी एका ताईंनी पंपासाठी म्हणून नाव लावून घेतलं. त्यांच्या सासऱ्यांना ते 'योजनेचं काम' म्हणून पटलं, एरवी पटलं नसतं.

११. खंडाने किंवा वाट्याने करतो. मला मिळेल का?

तुमच्या नावावर नाही. ही योजनेची मोठी फट आहे आणि मी ती झाकून सांगणार नाही. मालकाने अर्ज करावा आणि पंपाचा वापर कोणी करायचा हे खंडाच्या कागदात लिहून घ्यावं, एवढाच मार्ग. किंवा शेजारच्या सौर पंपवाल्याकडून पाणी घ्या. त्याला डिझेल लागत नाही, त्यामुळे तासाचा दर इंजिनाच्या दरापेक्षा कमी मागायला हरकत नाही. घासाघीस कराच.

१२. माझ्याकडे विहीर नाही. ओढा, नदी, शेततळं, धरणाचं पाणी चालतं का?

बारमाही नदी-ओढ्यालगतचं रान चालतं. स्वतःचं शेततळं, विहीर, बोअरही चालतं. पण जलसंधारणाच्या कामातून झालेल्या तलाव-बंधाऱ्यातून उपसा करायला हे पंप वापरता येत नाहीत. ते पाणी जिरवण्यासाठी अडवलेलं असतं. तुमचं रान डार्क झोनमध्ये, म्हणजे भूजलाचा उपसा फार झालेल्या भागात, असेल तर भूजल सर्वेक्षण विभागाचा दाखलाही लागतो.

१३. बोअर पाचशे फूट आहे. सौर मोटर पाणी ओढेल का?

बोअर किती खोल, हा प्रश्न अर्धाच आहे. उन्हाळ्यात मोटर चालू असताना पाणी किती फुटांवर टिकतं, ते सांगा. पाचशे फुटांच्या बोअरला दीडशेवर पाणी असेल तर काम सोपं. साडेतीनशेवर असेल तर तीच उंची उचलण्यात सगळं ऊन खर्च होतं आणि पाणी करंगळीएवढं येतं. सर्वेक्षणाला माणूस येईल तेव्हा त्याला पावसाळ्यातली पातळी सांगू नका. लोक सांगतात, कारण पावसाळ्यातला आकडा छान दिसतो. मग मोटर त्या उंचीची येते आणि मार्चमध्ये हवा फेकते.

रान विहिरीपेक्षा उंचावर असेल तर ती उंचीही मिळवा. लांबलचक बारीक पाइपही उंचीसारखाच दाब खातो.

१४. ढगाळ दिवसांत आणि रात्री काय? बॅटरी मिळते का?

बॅटरी मिळत नाही आणि पदरचे घालून घेऊही नका. वीज साठवण्यापेक्षा पाणी साठवणं स्वस्त पडतं. तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या शेततळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास बावीस लाख लिटर पाणी मावतं. एवढं जमत नसेल तर उंचवट्यावर दहा-वीस हजार लिटरची टाकीही ठिबकचा दाब सांभाळते.

दाट ढगांत पंप नावापुरता चालतो, कधी चालतच नाही. पण तेव्हा बहुधा पाऊसच असतो. आपली खरी गरज ऑगस्टमधल्या उघडिपीला लागते आणि तेव्हा ऊन कडक असतं.

१५. पुरवठादार कसा निवडू? ते म्हणतात खड्डे तुम्ही खणा, सिमेंट-वाळू तुम्ही आणा.

हिस्सा भरल्यावर पोर्टलवर पुरवठादारांची यादी येते, निवड तुमची. माहितीपत्रक चकचकीत आहे की नाही ते बघू नका. तुमच्या तालुक्यात त्याने बसवलेले दोन पंप जाऊन पाहा आणि त्या शेतकऱ्यांना एकच गोष्ट विचारा: तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांनी आला?

वाहतूक, पाया आणि उभारणी हे सगळं किमतीत धरलेलं असतं. वेगळे पैसे देऊ नका. शेतातली पुढची पाइपलाइन मात्र तुमची. आमच्याकडे एका संचाची उभारणी चालू असताना दुपारी मी सहज गेलो, तर अर्थिंगचा खड्डा हातभर खणून वरून माती लोटलेली. कोळसा नाही, मीठ नाही. कामगार म्हणाला, 'भाऊ, कोण बघतंय?' म्हणून बघा. उभारणीच्या दिवशी घरातलं कोणीतरी रानात हवं. अर्थिंग, वीजरोधक आणि नटबोल्ट डोळ्यांदेखत होऊ द्या आणि पंप चालल्याशिवाय काम पूर्ण झाल्याची सही किंवा ओटीपी देऊ नका.

१६. फोन आला, 'कुसुममध्ये नाव लागलं, आजच पाच हजार भरा.' भरू का?

नाही. कुसुमच्या नावाने खोट्या वेबसाइट आणि फोन खूप आहेत. पैसे फक्त महावितरणच्या पोर्टलवर, तुमच्या अर्ज क्रमांकासमोर मागणी दिसली तरच भरायचे. शंका आली तर १९१२ वर विचारा.

१७. पॅनल कुठे उभे करू? किती जागा जाते?

३ एचपीला अर्धा गुंठाही जात नाही. जागा बांधाच्या कडेला बघा, पण दक्षिणेला झाड नको. डिसेंबरात सूर्य खाली असतो आणि उन्हाळ्यात न पोहोचणारी लिंबाची सावली तेव्हा पॅनलवर येते. पॅनल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावर सावली पडली तरी सगळ्यांची वीज उतरते. जागा ठरवताना पाच वर्षांनी शेवगा केवढा होईल तेही डोळ्यांपुढे आणा.

१८. निगा काय राखायची?

धूळ पुसायची. एवढंच, पण नेमाने. ज्वारीच्या मळणीनंतर आठ दिवसांत पॅनलवर बोटाने नाव लिहिता येतं. धुवायचे ते सकाळी लवकर, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, तडा जातो. क्षारी पाण्याने धुतलं तर पांढरे डाग बसतात, म्हणून लगेच पुसून घ्या. खराट्याने घासणाऱ्यांना मी पाहिलं आहे.

१९. गारपीट, वादळ, चोरी झाली तर?

पहिली पाच वर्षं विमा आणि दुरुस्तीची हमी असते. चोरीला पोलिसांत तक्रार लागतेच. वादळात उपडं झालं तर काही हलवण्याआधी फोटो काढा, महावितरणला आणि पुरवठादाराला त्याच दिवशी कळवा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पडलेले पॅनल बैलगाडीत भरून घरी आणले आणि मग कळवलं, अशा दाव्यांत नुकसान दाखवायचं कसं हा घोळ होतो.

२०. पाच वर्षांनंतर बिघडला तर गावातला मिस्त्री करेल का?

पॅनलची चिंता नाही, ते वीस-पंचवीस वर्षं चालतात. एसी मोटर असेल तर रिवाइंडिंगवाला करून देईल. डीसी मोटर तेवढ्याच उन्हात पाणी थोडं जास्त देते, पण बिघडली तर बहुधा कंपनीकडेच पाठवावी लागते. गावाजवळ कंपनीचं केंद्र नसेल तर मी एसीच घेईन. कंट्रोलरला ऊन-पाऊस लागू देऊ नका. त्यावर पत्र्याचं छोटं छप्पर आणि खालची वायरची भोकं बंद. पाली आणि मुंग्या आत शिरून जेवढे कंट्रोलर जळाले असतील, तेवढे वीज पडूनही जळाले नसतील.

२१. मोटर बंद असताना त्या विजेवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, घरचे दिवे चालतील?

साध्या कंट्रोलरवर नाही. तो फक्त मोटरसाठी असतो, जबरदस्तीने जोडलं तर जळतो आणि हमीही जाते. अनेक उपकरणं चालवणारा वेगळा कंट्रोलर असतो, पण तुमच्या संचात तो आहे का हे आधी पाहा. मला हा कंट्रोलर सगळ्यांना मिळायला हवा असं वाटतं. वर्षातले कित्येक दिवस पिकाला पाणी नको असतं आणि ती वीज फुकट जाते.

२२. जमीन विकली, किंवा भावाच्या रानात पंप हलवायचा आहे. चालेल?

सरकारी अनुदानाचा संच विकता किंवा परस्पर हलवता येत नाही. विहीर कोसळली किंवा बोअर आटला आणि त्याच गटात दुसरीकडे न्यायचा असेल, तर आधी महावितरणला लेखी कळवा. परस्पर हलवलात तर प्रश्न १९ मधला विमाही हातचा जाईल.

२३. ऊन फुकट आहे म्हणून सगळे दिवसभर उपसत बसले, तर गावची पातळी खाली जाणार नाही का?

जाईल. डिझेलला पैसे लागतात, म्हणून माणूस इंजिन बंद करतो. सौर मोटर बंद करायला कारणच उरत नाही. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडीला यावर एक तोड काढली. तिथल्या शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी केली आणि २०१६ पासून उरलेली वीज ते ग्रिडला विकू लागले. पाणी उपसण्यापेक्षा वीज विकण्यात पैसा दिसला की मोटर आपोआप थांबते. आपल्याकडचा स्वतंत्र पंप ग्रिडला जोडलेला नसतो, त्यामुळे ती सोय इथे नाही. राहतो तो गावानेच घालून घेतलेला नियम. आमच्या वाडीत नऊ सौर पंप झाले तेव्हा ठरलं की उन्हाळ्यात नवा ऊस लावायचा नाही. सात जणांनी पाळलं. उरलेल्या दोघांच्या विहिरी ओढ्याच्या वरच्या अंगाला आहेत आणि यंदाच्या मे महिन्यात माझ्या दोरीवरची गाठ गेल्या वर्षीपेक्षा तीन फूट खाली बसली.